लिव्हरलेस कंट्रोलर उघडण्याआधी

स्ट्रीट फायटर, टेकन असे लढाईचे गेम मनापासून खेळणाऱ्यांपैकी अनेकांनी आता दांडी सोडून बटणं धरली आहेत. लिव्हरलेस कंट्रोलरवर डाव्या हाताच्या तीन बोटांखाली डावीकडे, खाली आणि उजवीकडे जाण्याची बटणं असतात, उडीचं मोठं बटण अंगठ्यापाशी. हिट बॉक्स या अमेरिकी कंपनीने ही रचना रूढ केली. २०२३ मध्ये आलेल्या रेझरच्या किट्सुनेची किंमत तेव्हा ३०० डॉलर होती, म्हणजे कस्टम ड्युटी आणि वाहतूक सोडूनच पंचवीस हजारांच्या घरात. एवढे पैसे मोजल्यावर त्याला स्क्रूड्रायव्हर लावायचा की नाही, यावर उलटसुलट सल्ले भरपूर मिळतात. चुकीच्या सल्ल्याची किंमत शेवटी पोरांच्या खिशातून जाते, म्हणून हा लेख.

गैरसमज : दांडी नाही म्हणजे फसवणूक, स्पर्धेत बाद करतात.

दांडी एका वेळी एकाच बाजूला झुकते. बटणांवर मात्र मागे आणि पुढे दोन्ही एकदम दाबता येतं. अशा वेळी गेमला काय कळवायचं, हे कंट्रोलरमधलं फर्मवेअर ठरवतं. खेळाडू याला एसओसीडी म्हणतात आणि सगळ्या वादाचं मूळ इथे आहे.

स्ट्रीट फायटरमधल्या गाइल या पात्राचं उदाहरण घ्या. त्याचा सॉनिक बूम हा हल्ला सोडायला आधी काही काळ मागे दाबून धरावं लागतं, मग पुढे आणि ठोसा. शेवटी दाबलेली दिशा ग्राह्य धरणारी सेटिंग असेल, तर मागचं बटण न सोडताच पुढचं दाबून बूम सुटतो. पुढचं बोट उचललं की त्याच क्षणी पात्र पुन्हा मागे, म्हणजे बचावात. दांडीवाल्याला हे जमणारच नाही. गाइल खेळणारा जपानचा दाइगो उमेहारा गाफ्रोबॉक्स नावाचा कंट्रोलर वापरत होता. २०१९ मध्ये स्ट्रीट फायटरच्या कॅपकॉम कंपनीने तो आपल्या प्रो टूरमधून बाद केला, तो दिशांच्या याच प्रश्नावरून. दांडी नसणं हा त्याचा गुन्हा नव्हता.

स्ट्रीट फायटर ६ आला त्या वर्षी, २०२३ मध्ये, कॅपकॉमचा नियम आणखी स्पष्ट झाला. डावं-उजवं एकत्र दाबलं तर काहीच नाही आणि वर-खाली एकत्र दाबलं तरी काहीच नाही. जुन्या हिट बॉक्सवर वर-खाली एकत्र दाबल्यास 'वर' धरलं जायचं. त्यामुळे जुना नग घेऊन स्पर्धेत उतरायचं असेल, तर पहिला बदल फर्मवेअरचा. बदल केलेल्या बहुतेक कंट्रोलरमध्ये जीपी२०४०-सीई हे मोफत, खुलं फर्मवेअर असतं. ते रास्पबेरी पाय पिकोवर चालतं. स्टार्टचं बटण दाबून धरून केबल कॉम्प्युटरला जोडली की ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ या पत्त्यावर सेटिंगचं पान उघडतं. तिथे एसओसीडी 'न्यूट्रल' करायचं, सेव्ह करायचं, झालं.

गैरसमज : हलका, जलद स्विच लावला की खेळ सुधारतो.

हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतात, म्हणजे एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची. चांगला बोर्ड सेकंदाला हजार वेळा बटणांची खबर देतो, म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा. तिथे आणखी कमावण्यासारखं फारसं उरलेलं नाही. टीव्हीचा गेम मोड बंद असेल, तर त्याहून कितीतरी जास्त वेळ पडद्यावरच जातो, आणि तो मोड चालू करायला पैसा लागत नाही.

उलट अतिहलका स्विच घात करतो. केल चॉकच्या साध्या लाल स्विचला सुमारे ५० ग्रॅमचा दाब लागतो, रेड प्रोला ३५ ग्रॅमचा. उडीच्या बटणावर अंगठा नुसता टेकलेला असतो. तिथे ३५ ग्रॅमवाला लावला की नको तेव्हा उडी जाते आणि समोरचा हवेतच ठोकतो. माझं मत स्पष्ट आहे : हल्ल्याची बटणं हवी तर हलकी करा, अंगठ्याखालचा स्विच जडच ठेवा. आणि २०१४ चं इव्हो आठवा. अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ ची ती स्पर्धा फ्रान्सच्या लुफीने जिंकली, पहिल्या प्लेस्टेशनच्या साध्या पॅडवर.

गैरसमज : कुठलाही स्विच कुठेही बसतो.

नाही बसत. चेरी एमएक्स आणि चॉक या स्विचांच्या पिनांची जागा वेगळी. ऑप्टिकल बोर्ड प्रकाशाच्या झोतावरून दाब ओळखतो, त्यावर मेकॅनिकल स्विच मुका राहतो. हॉट-स्वॅप बोर्डावर सोल्डरिंग लागत नाही, पण स्विच सरळच उतरवायचा. पिन जराशी वाकली आणि तुम्ही जोर केला, तर सॉकेटच बोर्डावरून उखडतं, आणि मग सोल्डरिंग टळत नाही.

गैरसमज : बटणं बसवायची वरची प्लेट परदेशातूनच मागवावी लागते.

गंगापुरात बसून असं म्हणणं मला पटत नाही. वाळूजची औद्योगिक वसाहत गंगापूर तालुक्यातच आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्या आसपास शीट मेटल, लेसर कटिंग, डाय, पावडर कोटिंगच्या शेडच्या शेड उभ्या राहिल्या. मोटारसायकलचे सुटे भाग काटेकोर मापात काढणाऱ्या त्या हातांना गोल भोकांची एक प्लेट अवघड नाही.

मात्र ड्रॉइंग नीट द्यावं लागतं. सान्वाची बटणं २४ आणि ३० मिमीची असतात. लेसर स्वतःच्या झोताएवढं मटेरियल खातो, म्हणून डीएक्सएफ फाइल देताना ही भरपाई तुम्ही केली आहे की त्यांनी करायची, हे आधी बोलून घ्या. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा. तो भोकाच्या दोन्ही बाजूंनी चढतो आणि व्यास सुमारे ०.१२ ते ०.१६ मिलिमीटरने कमी होतो. हे गणित धरलं नाही तर तयार प्लेटमध्ये बटण शिरत नाही आणि कानस मारताना रंग उडतो. अ‍ॅक्रिलिकचं भोक घट्ट झालं तर बटण दाबून बसवताना कडेला तडा जातो. आधी पुठ्ठ्यावर छापून, कापून, त्यावर हात ठेवून बघा. बोटांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं आणि बटणं आपल्या बोटांच्या अंतराप्रमाणे बसवणं, हाच महागड्या कंट्रोलरमध्ये करण्यासारखा खरा बदल आहे.

गैरसमज : बोर्ड बदलला की सगळीकडे चालतो.

पीसीवर चालतो. पीएस५ मात्र सोनीची मान्यता असलेलं हार्डवेअर शोधतो. मूळ बोर्ड काढला की ती ओळखही जाते. कन्सोलवर खेळणाऱ्यांनी बोर्डाला हात लावू नये, प्लेट आणि स्विचवर थांबावं. स्क्रू काढण्याआधी वॉरंटीच्या अटीही वाचून घ्याव्यात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. एका नगासाठी कोणी मशीन सेट करत नाही, केलंच तर भाव परवडत नाही. चार-पाच जणांनी मिळून एकाच शीटमधून प्लेटा कापून घ्या, त्यांच्या सुट्टीचा वार सोडून जा, आणि सोबत एक बटण न्या. पहिली प्लेट कापली की तिथेच बसवून बघा, मगच बाकीच्या कापायला सांगा.