कुऱ्हाडीचा दांडा

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा भाचा पुण्याहून आला, तो पाठीवरच्या थैलीत एक कुऱ्हाड घेऊन! "मामा, ही व्हायकिंग कुऱ्हाड. रानात मुक्कामाला न्यायची!" पात्याची खालची कड दाढीसारखी लोंबती, तिच्यामागे मूठ धरली की बारीक काम नेमके साधते. व्हायकिंग म्हणजे ७९३ साली लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटणारे उत्तरेकडचे दर्यावर्दी. "लोणच्याच्या बरण्यांजवळ ठेवू नका म्हणजे झालं," एवढेच आमची सौ. म्हणाली. नागपूरच्या उन्हात रानात कोण जाणार? कुऱ्हाड माळ्यावर गेली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काटोल रस्त्यावर एका स्नेह्यांच्या शेतावर आम्ही मुक्काम टाकला. शेकोटीसाठी वाळलेली बाभूळ फोडायची होती. "मामा, दांडा हलतोय," भाचा म्हणाला. "अरे, तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून लाकडं फोडतोय!" असे म्हणून मी घाव घातला. तिसऱ्या घावाला पाते निसटले आणि भाच्याच्या कानाजवळून तुरीत जाऊन पडले. माझ्या हातात नुसता दांडा! 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण शाळेत पाठ केली होती. तिचा दुसरा अर्थ त्या संध्याकाळी कळला. भाचा हसला, पण मला रात्री झोप आली नाही.

गावातल्या लोहाराने पाते उलटसुलट पाहिले. "पातं बेस हाये बाप्पा, दांडा वाळला ना!" मेच्या उन्हाने लाकूड आक्रसले होते. पाण्यात भिजवले की फुगते, पण वाळले की पुन्हा ढिले. त्याने धावड्याचा नवा दांडा तासला, वरून पाचर ठोकली, आणि म्हणाला, "घाव घालाच्या आंधी हालवून पाहा."

त्याच रस्त्याच्या आसपास माहुरझरी आणि जुनापाणी येथे शिलावर्तुळे आहेत. घरी आल्यावर माहुरझरीच्या १९७०–७२ च्या उत्खननाचा डॉ. शां. भा. देव यांचा वृत्तांत ग्रंथालयात उघडला. तीत लोखंडी कुऱ्हाडींची चित्रे! या सपाट, लांबट पात्यांना दांड्यासाठी भोकच नाही. मग पाते निसटू नये म्हणून काय केले? लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या आवळून पाते नि दांडा एकत्र जखडले! व्हायकिंगांच्या सुमारे दीड हजार वर्षे आधी आमच्या विदर्भातल्या लोहाराला नेमकी हीच चिंता पडली होती. पेंच नदीच्या परिसरातील नायकुंड येथे तर १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. अंग मऊ लोखंडाचे आणि धार पोलादाची, ही युक्ती व्हायकिंग लोहार वापरीत. विदर्भातल्या काही जुन्या हत्यारांच्या धारेतही तपासणीत पोलाद आढळले आहे.

ती कुऱ्हाड कोणा वीराबरोबर पुरलेली असेल. पण पट्टी आवळणाऱ्या हाताला शेजारी उभ्या असलेल्या पोराची काळजी असणार, असे मला आपले वाटते.

यंदा भाचा पुन्हा येतो आहे. कुऱ्हाड माळ्यावरून काढून मी दांडा हलवून पाहिला. घट्ट आहे. तरीही तो "मामा, जरा पाहू," म्हणाला, तर निमूटपणे त्याच्या हाती देणार आहे.