तांग तालुक्याची वाट

बीजिंग आणि शांघाय पाहून परतलेल्या आपल्याकडील मंडळींची प्रवासवर्णने वाचली, म्हणजे चीन हा देश केवळ काचेच्या गगनचुंबी इमारतींचा आणि वायुवेगाने धावणाऱ्या आगगाड्यांचाच असावा, असा ग्रह होतो. आणि तो ग्रह दूर करण्यास जागोजाग थांबणाऱ्या साध्या प्रवासी गाडीसारखे दुसरे साधन नाही. हेबेई प्रांताची राजधानी शिजियाझुआंग येथून डिंगझोऊमार्गे तांग तालुक्यात व तेथून डोंगरातल्या गेगोंग ह्या खेड्यात बसने जाण्याचा माझा बेत ऐकून हॉटेलातला कारकून चकित झाला, कारण परदेशी पाहुणा मोटार भाड्याने घेतो अशी त्याची समजूत. तिकिटासाठी ओळखपत्र दाखवावे लागते, सामान यंत्रातून तपासून घ्यावे लागते. मात्र शहराची हद्द सुटली की हा बंदोबस्त सैल होतो आणि 'हात दाखवा, गाडी थांबवा' हा आपल्या एस.टी.चा रिवाज येथेही निर्वेधपणे चालू असल्याचे आढळते.

सपाट मैदान, रस्त्याच्या दुतर्फा पॉप्लरची उंच झाडे आणि नुकताच मका काढून गव्हासाठी नांगरलेली शेते. ऑक्टोबरात येथे एका पिकाची सुगी आणि दुसऱ्याची पेरणी पाठोपाठ येते. भोकरदन-जाफराबादकडे सुगीत डांबरी सडकेचे खळे होते, तसेच येथेही झालेले होते: अर्ध्या रस्त्यावर मक्याचे पिवळेधमक दाणे पसरलेले, कडेने ते कोणी तुडवू नयेत म्हणून विटा मांडलेल्या, आणि एक वृद्ध शेतकरी लाकडी दाताळ्याने ते वरखाली करीत आमच्या गाडीकडे ढुंकूनही न पाहता पुढे सरकत होता. चालकानेही भोंगा वाजवला नाही. उरलेल्या अर्ध्या सडकेवरून त्याने गाडी हलकेच काढली.

पण तरणाताठा माणूस कोठे दिसेना. गाडीत आजी आणि नातवंडे, शेतात म्हातारे, दुकानाच्या पायरीवर पत्ते खेळणारेही म्हातारेच. अंबड-घनसावंगीकडील गावे ऊसतोडीच्या हंगामात अशीच ओस पडतात. फरक इतकाच, की आपली माणसे पावसाळ्याआधी परततात आणि येथली नववर्षाच्या सणापुरती. ह्यामागे १९५८ पासून अमलात असलेली कुटुंबनोंदणीची पद्धत आहे, जिला येथे 'हुकोऊ' म्हणतात. ज्याची नोंद खेड्याच्या दप्तरी, त्याने शहरात वीस वर्षे राबून इमारती उभ्या केल्या तरी त्याच्या मुलांची शाळा आणि इतर सवलती खेड्याशीच बांधलेल्या राहत. लहान शहरांत अलीकडे हे नियम बरेच शिथिल झाले आहेत, मोठ्या शहरांत अद्याप नाहीत. म्हणून मूल आजीजवळ आणि आईबाप कारखान्यात, अशी ही विभागणी.

जालन्याच्या वाचकाला ह्याहून दुर्बोध वाटेल ती जमिनीची व्यवस्था. निजामाचा अंमल गेला, कूळकायदे आले, जिल्हा झाला, तरी आपल्या शेतकऱ्याचा जीव सातबाऱ्यात अडकलेला. फेरफारासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालण्यात त्याचे अर्धे आयुष्य सरते. येथे खेड्यातली शेतजमीन गावाच्या समूहाच्या मालकीची आहे. कम्यून मोडल्यानंतर, म्हणजे १९७८ नंतरच्या काही वर्षांत, ती कुटुंबांना करारावर वाटून देण्यात आली, आणि पुढे ह्या कराराची मुदत तीस वर्षांची ठरली. शेतकऱ्याला ती विकता येत नाही. फार तर कसण्याचा हक्क दुसऱ्याकडे सोपवता येतो. शेतीवरचा सारा २००६ मध्ये समूळ रद्द झाला. सावकाराने रान गिळंकृत केल्याची कथा येथे संभवत नाही, ही जमेची बाजू. पण सरकारने महामार्गासाठी तेच रान मागितले, तर कसणाऱ्याच्या शब्दाला कितपत वजन असते, हे विचारल्यावर शेजारचे गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले. मला विचाराल, तर सातबाऱ्याचा तो जाच मी पत्करीन.

डिंगझोऊला गाडी बदलताना तेथला विटांचा मनोरा पाहिला. भारतातून बुद्धाचे अवशेष घेऊन परतलेल्या एका भिक्षूच्या निमित्ताने १००१ मध्ये आरंभलेला आणि १०५५ मध्ये पुरा झालेला हा ८४ मीटरांचा स्तूप पुढे शत्रूवर नजर ठेवण्यासही उपयोगी पडला.

तांगच्या परिसरातून दक्षिणेचे पाणी उत्तरेस नेणारा प्रचंड कालवा जातो. डिसेंबर २०१४ मध्ये वाहू लागलेल्या ह्या कालव्याची लांबी शाखेसह १,४३२ किलोमीटर. हान नदीवरील दानजियांगकोऊ धरणाचे पाणी बहुतांशी केवळ उताराने बीजिंगपर्यंत येते, जसे निजामकाळातल्या घाणेवाडीच्या तलावाचे जालन्यात येई. काठाला दोन्ही बाजूंनी कुंपण, त्यामुळे काठावरच्या शेतकऱ्याला ते दिसते, पण बादलीभर काढता येत नाही. भूजल उपसून उपसून ह्या मैदानातील विहिरी खोल गेल्या, आणि नवे पाणी मुख्यतः शहरांच्या वाट्याला आले. जायकवाडीच्या पाण्याचा वाद ऐकत वाढलेल्यास ह्यात नवल वाटू नये.

पुढे ताइहांगचे डोंगर, अक्रोड आणि केशरी पर्सिमनने लगडलेली झाडे. गेगोंगमध्ये ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीसांनी देह ठेवला. १९३८ मध्ये काँग्रेसने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते येथे आले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, ज्यांची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. कोटणीस मात्र परतले नाहीत; बेथून ह्या कॅनडाच्या डॉक्टरच्या नावाने चालणाऱ्या शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, ह्याच देशातल्या परिचारिकेशी विवाहबद्ध झाले. दिग्दर्शक शांतारामबापूंच्या कोटणीसांवरील १९४६ च्या चित्रपटातला चीन मुंबईच्या स्टुडिओत उभारलेला होता; हे उघडे डोंगर त्यात कोठून येणार?

गाडीतल्या तरुण वाहक मुलीला कोटणीस ठाऊक नव्हते. मागच्या बाकावरच्या आजोबांनी तिला 'के दिहुआ' हे त्यांचे चिनी नाव सांगून दटावले, आणि मी सोलापूरचा नसून जालन्याचा, हा माझा खुलासा सपशेल अमान्य करून मला त्यांचा आप्त ठरवून टाकले. तांगच्या मुख्य गावी बेथून आणि कोटणीस ह्या दोघांचे एकत्रित स्मारक आहे. समाधी मात्र येथे नाही. ती पुढे शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत हलवण्यात आली, त्यामुळे आगगाडीने येऊन तेवढेच पाहून परतणाऱ्यांना हा डोंगर दिसत नाही.