नागपूरचा परवाना रायपुरात

लग्नाच्या खरेदीसाठी नागपूरहून रायपूरच्या गोल बाजारात गाडी घेऊन गेलात, तर 'एमएच ३१'ने सुरू होणारं तुमचं लायसन्स तिथे बिनदिक्कत चालतं. त्यासाठी महाराष्ट्र आणि छत्तीसगड यांच्यात करार लागत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३ नुसार परवाना देशभर लागू असतो, शिकाऊसुद्धा. अमेरिकेत परवाने हा राज्यांचा विषय, त्यामुळे तिथे १९६०च्या दशकापासून राज्यांना आपसांत करार करावे लागले. आपल्याकडे कायदा केंद्राचा, अंमलबजावणी राज्यांची.

लोक घोळ घालतात तो बारा महिन्यांच्या नियमाचा. तो गाडीच्या नोंदणीचा आहे: गाडी वर्षापेक्षा जास्त काळ परराज्यात ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. लायसन्सचा त्याच्याशी संबंध नाही.

निलंबनालाही राज्याची सीमा नाही. रायपुरात दारू पिऊन गाडी चालवताना सापडलात, तर पोलीस लायसन्स जप्त करून परिवहन खात्याकडे कारवाईसाठी पाठवू शकतात. अपात्रता माणसावर येते, कार्डावर नाही. म्हणून नागपुरात परतून 'हरवलं हो' म्हणत नवी प्रत काढण्यात अर्थ नाही. 'सारथी' या संगणकीय प्रणालीमुळे एका आरटीओतली नोंद दुसरीकडे दिसू शकते. अपात्र असताना गाडी चालवली, तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

कार्ड घरी राहिलं असेल, तर डिजीलॉकरमधलं लायसन्स दाखवा. गॅलरीतला फोटो चालत नाही.