विंडोजचा द्वारपाल

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ह्या प्रणालींत फायरवॉल नांवाचा एक द्वारपाल मुळांतच बसविलेला असतो. संगणकाला इतर यंत्रांशीं बोलण्यासाठीं पोर्ट नांवाचीं क्रमांकित द्वारें असतात. त्यांतून कोणास आंत येऊं द्यावें, हें पाहणें ह्या द्वारपालाचें काम. तें तो बरें करतो. पण त्याच्यामुळें घर सर्वस्वीं सुरक्षित झालें, हा समज मात्र घातक आहे.

२००१ सालीं विंडोज एक्सपी निघाली, तेव्हां हा द्वारपाल तींत होता खरा, पण निजलेला. मालकानें उठविल्यावांचून तो सहसा उठत नसे. ऑगस्ट २००३ मध्यें ब्लास्टर नांवाचा कृमि १३५ क्रमांकाच्या द्वारानें असंख्य यंत्रांत शिरला, आणि तीं आपोआप बंद पडून पुन्हां सुरू होऊं लागलीं. मूळ दोषावरची दुरुस्ती जुलैमध्येंच निघाली होती. ती लावण्याची तसदी अनेकांनीं घेतली नव्हती! २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ह्या पुरवणीनें द्वारपाल आरंभापासूनच जागा राहूं लागला. यंत्र सुरू होतांना जाळें आधीं व पहारा मागाहून, अशी जी फट राहत असे, तीही बुजली.

खरी उणीव निराळीच आहे. एक्सपीचा द्वारपाल बाहेर जाणाऱ्यास अडवीतच नसे. २००७ च्या व्हिस्टापासून ती शक्ति त्याला आली. परंतु आजच्या विंडोज ११ मध्येंही मूळची आज्ञा हीच, कीं येणारा अनाहूत अडवावा, जाणाऱ्यास वाट द्यावी. आतां चोर दार फोडूनच येतो असें नाहीं. ई-मेलला जोडलेल्या एखाद्या बिलाच्या वेषांत आपणच त्याला आंत घेतों. मग आपण टंकलेला बँकेचा पासवर्ड घेऊन तो राजरोस बाहेर पडतो. त्यास प्रशासकाचे अधिकार मिळाले, तर द्वारपालाच्या वहींत तो स्वतःच्या सोयीचा नियमही लिहून ठेवतो.

मग जाणारें सर्वच अडवावें काय? तसे नियम करतां येतात. पण प्रत्येक प्रोग्रॅमसाठीं परवानगी द्यावी लागली, तर सामान्य माणूस दोन दिवसांत कंटाळून न वाचतांच 'हो' म्हणूं लागेल. ह्या बाबतींत मायक्रोसॉफ्टला मी फारसा दोष देत नाहीं. शिवाय चतुर चोर ब्राउझरच्या आडोशानें नेहमींच्याच वाटेनें निसटतो.

त्यापेक्षां रोजच्या कामासाठीं प्रशासकाचे अधिकार नसलेलें वेगळें खातें ठेवावें. आणि रेल्वे स्थानकावरच्या वाय-फायला जोडतांना 'सार्वजनिक' हा पर्याय निवडावा. घरच्या जाळ्यापुरते सैल केलेले नियम मग तेथें लागू होत नाहींत.