ओल्या काचेवरचा राजा

जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये काचेच्या शेकडो निगेटिव्ह जपलेल्या आहेत. त्यांतल्या कित्येक खुद्द महाराजांनी, सवाई रामसिंह दुसरे यांनी, काढलेल्या. जनानखान्यातल्या बायकाही त्यांत आहेत, तोंडावर पदर न घेता.

रामसिंहांच्या काळचं फोटोचं तंत्र वेळखाऊ नव्हतं, उलट घाईचं होतं. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला गनकॉटन, म्हणजे कोलोडियन, आयोडाइड मिसळून काचेवर ओतायचा. मग काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून, धुऊन मोकळं व्हायचं. हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. जयपूरच्या उन्हाळ्यात ईथर उडून जाई, म्हणजे त्याहूनही कमी.

खरी गंमत रंगांची. या काचेला निळा आणि अतिनील प्रकाशच दिसतो, लाल दिसत नाही. त्यामुळे लाल पगडी काळी उमटते, निळं आकाश कोरं पांढरं. त्वचेवरचे डाग, व्रण, सुरकुत्या तर प्रत्यक्षाहून ठळक. चापलुसी या रसायनाला जमत नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या प्रजासत्ताकातले उमराव असे सुरकुतलेले चेहरे मुद्दाम संगमरवरात कोरून घेत. म्हातारपण म्हणजे अनुभव, अनुभव म्हणजे मतं. मग सम्राट ऑगस्टस आला आणि पुतळे एकदम तरुण झाले. तो पंचाहत्तरीचा झाला तरी पुतळ्यातला ऑगस्टस तरुणच!

रामसिंहांना मात्र एकच चेहरा पुरत नसे. १८५७ मध्ये त्यांनी इंग्रजांची बाजू धरली आणि कोट कासिमचा परगणा मिळवला. जयपूरला धनी बदलणं नवं नव्हतं: आधी मोगल, मग मराठ्यांची चौथ, १८१८ पासून कंपनी. (मराठी फौजा चालून येताहेत म्हणून १७५० मध्ये जयपूरच्या सवाई ईश्वरीसिंहांनी जीव दिला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.) पण कॅमेऱ्यासमोर इंग्रजांचे हे मित्र पूजेचं साहित्य मांडून, शिवभक्ताच्या वेशात बसलेले दिसतात. वेश त्यांनी निवडला, चेहऱ्यावरची रेघ न् रेघ चांदीच्या क्षारांनी.

रोममध्ये सम्राट नीरो पडल्यावर त्याचे काही पुतळे तासून त्यांतूनच नंतरचा सम्राट व्हेस्पेजियन काढला, कारण संगमरवर महाग. काचही महाग होती. नको झालेली निगेटिव्ह खरवडून त्याच काचेवर नवा चेहरा घेण्याची फोटोग्राफरांची सर्रास रीत होती. सिटी पॅलेसमधल्या या काचा मात्र कुणी खरवडल्या नाहीत.