लाडका खेळाडू गेला, आता पुढे काय?

दोस्तांनो, समजा, तुमचं घर तुर्भ्याला आहे. ठाण्याहून येणारी लोकल पकडली की जुईनगर आणि त्याच्या पुढचं स्टेशन नेरुळ. २०१४ आणि २०१५ साली इंडियन सुपर लीगमधल्या 'मुंबई सिटी' संघाचे घरचे सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत. म्हणजे अगदी आपल्या अंगणातच! पुढे, २०१६ मध्ये संघानं अंधेरीला बिऱ्हाड हलवलं. तरी गाड्या बदलत, आईबाबांची समजूत काढत सामना बघायला जाणारी पोरं होतीच.

आणि एके दिवशी सकाळी पेपर उघडावा, तर काय? आपला लाडका खेळाडू दुसऱ्याच संघात! त्याच्या नावाचा टी-शर्ट अजून वाळत घातलेला आणि तो मात्र गेलासुद्धा!

मग चिडचिड होते. 'या लोकांना काही कळतं का? चांगला संघ मोडला!' असं तुम्ही म्हणता. बाबा म्हणतात, 'अरे, खेळच आहे तो, जेव आता.' पण तुमचा राग खोटा नसतो. फक्त तो योग्य ठिकाणी आहे का, हे तपासून पाहायला हवं. त्यासाठी संघ बांधतात कसा, हे आधी समजून घेऊ.

दहावीचा गोलकीपर

तुमच्या शाळेच्या संघाचंच उदाहरण घ्या. गोलकीपर दहावीतला, दोन्ही बॅक दहावीतले, कॅप्टनही दहावीतलाच. यंदा ढाल मिळाली, सगळी शाळा खूश! पण पुढच्या जूनमध्ये काय होणार? हे चौघंही शाळा सोडून जाणार. आठवीतल्या एखाद्या मुलाला सरांनी आधीपासून गोलमध्ये उभं केलं नसेल, तर पहिल्याच सामन्यात पाच गोल ठरलेले!

क्लबचंही असंच असतं. तिथे दहावीच्या जागी करार असतो. खेळाडू एक, दोन, तीन वर्षांचा करार करतो. करार चालू असताना तो दुसऱ्या क्लबला हवा असेल, तर त्या क्लबला पैसे मोजावे लागतात. करार संपला, की खेळाडू मोकळा. मग त्याच्या जुन्या क्लबच्या हातात एक छदामही पडत नाही.

हा हक्क खेळाडूंना सहज मिळालेला नाही बरं का. बेल्जियममध्ये जाँ-मार्क बोसमान नावाचा फुटबॉलपटू होता. करार संपला, तरी त्याचा क्लब त्याला पैसे मिळाल्याशिवाय सोडायला तयार नव्हता. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि युरोपातला फुटबॉलचा बाजारच बदलून गेला. तेव्हा 'खेळाडू पळाला' असं म्हणण्याआधी त्याचा करार कधी संपत होता, ते पाहा. करार संपायला सहा महिने उरले, की तो दुसऱ्या क्लबशी बोलणी पक्की करू शकतो. म्हणून हुशार क्लब त्याच्या आधीच खेळाडूला बोलावून विचारतो, 'राहणार का?'

नावं मोठी, लक्षण...

मुंबई सिटीच्या पहिल्या वर्षाचीच गोष्ट ऐका. २०१४ च्या संघात आर्सेनलकडून गाजलेले दोन खेळाडू होते, फ्रेडी युनबर्ग आणि निकोलस अनेल्का. नावं ऐकूनच तिकीट काढावं अशी! पण युनबर्ग मोजकेच सामने खेळला आणि अनेल्का सुरुवातीच्या सामन्यांत मैदानात नव्हताच. आठ संघांत मुंबई सातवी आली. नुसत्या नावांनी संघ बनत नाही.

आता २०२० पाहा. सर्जिओ लोबेरा हे एफसी गोवाचे आधीचे प्रशिक्षक मुंबईत आले. त्यांच्या पाठोपाठ बचावातला मोर्तादा फॉल, मधल्या फळीतले अहमद जाहू आणि ह्युगो बुमूस आणि डाव्या बाजूचा मंदार राव देसाई हेही गोव्याहून आले. हे सगळे एकमेकांबरोबर खेळलेले होते. कोण कुठे धावणार, पास कुठे येणार, हे त्यांना न बघताही ठाऊक! करोनामुळे सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या मैदानात झाले. मुंबईनं साखळीत पहिला क्रमांक मिळवून ढाल जिंकली. मग १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानविरुद्ध ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल केला, आणि २-१! कपही आपला!

पण लगेच जून महिना उजाडला म्हणा ना! बुमूस आणि गोलकीपर अमरिंदर सिंग हे दोघंही, ज्यांना हरवलं त्याच मोहन बागानकडे गेले. लोबेरांनीही निरोप घेतला. पुढच्या मोसमात मुंबई पाचवी आली. वरचे चारच संघ उपांत्य फेरीत जाणार होते. एका पायरीनं संधी हुकली.

पुन्हा तेच!

४ मे २०२४. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम मोहन बागानच्या पाठीराख्यांनी भरलेलं. मुंबईनं त्यांना त्यांच्याच घरी ३-१ हरवून पुन्हा कप जिंकला. पण त्याच उन्हाळ्यात गोल करणारा होर्हे पेरेरा डियाझ, अल्बर्टो नोगुएरा आणि मुंबईतच जन्मलेला बचावपटू राहुल भेके, असे तिघं बंगळुरूला गेले. मधल्या फळीतला अपुइया मोहन बागानकडे गेला. नवे आले, पण घडी बसायला वेळ लागला. मुंबई सहावी आली आणि मार्च २०२५ मध्ये बाद फेरीत ५-० नं हरली. कुणाकडून? बंगळुरूकडून!

आता सांगा, राग येणार नाही तर काय!

थांबा, नाण्याची दुसरी बाजू

पण २०२३-२४ चा तोच मोसम जरा मागे जाऊन पाहा. मोसमाच्या मध्येच प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. जानेवारीत ग्रेग स्टुअर्टसारखा कसबी खेळाडूही गेला. तेव्हाही 'संपलं सगळं!' असंच वाटलं असतं. पण नवे प्रशिक्षक पेट्र क्रॅट्की यांनी संघ सावरला आणि मे महिन्यात कप आला. म्हणजे प्रत्येक जाणारा खेळाडू ही चूकच असते, असं नाही.

शिवाय क्लबचे हातही बांधलेले असतात. खर्चाला मर्यादा असते. परदेशी खेळाडूंवर बंधन असतं. २०१४ मध्ये मैदानावर एका वेळी सहा परदेशी चालत, २०२१-२२ पासून ते चारवर आले. म्हणून चांगल्या भारतीय खेळाडूला सगळीकडून मागणी येते आणि त्याला टिकवणं महाग पडतं.

मोठ्यामोठ्यांचंही चुकतं. २०२० च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलनं देयान लोव्हरेन या बचावपटूला सोडलं, त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही. ऑक्टोबरमध्ये व्हर्जिल व्हॅन डाइक जायबंदी झाला. पाठोपाठ आणखी दोघं. अखेर मधल्या फळीतल्यांना बचावात उभं करावं लागलं! आधीच्या वर्षीचा विजेता संघ, तिसऱ्या क्रमांकावर घसरला.

तुम्हीच व्हा मॅनेजर

तर दोस्तांनो, पुढच्या वेळी चिडलात की एक करा. जुन्या वहीचं कोरं पान घ्या. आवडत्या संघातल्या खेळाडूंची नावं लिहा. समोर वय, जागा आणि करार कधी संपतो ते लिहा. आता प्रत्येक जागेपुढे दोन नावं येतात का? एकाच वर्षी चार-पाच करार संपताहेत का? तिशी ओलांडलेल्याच्या मागे एखादा विशीतला तयार होतोय का?

जिथे रकाना रिकामा दिसेल, तिथे तुमचा राग खरा. तिथे जोरात विचारा, 'इथे कोण खेळणार?' आणि जिथे नाव आहे, पण ओळखीचं नाही, तिथे त्या नव्या पोराला थोडा वेळ द्या. बिपिन सिंगही कधीतरी नवखाच होता की!

आणि हो, हे पान आधी आपल्या शाळेच्या संघासाठी लिहून सरांना दाखवा. जून काही फार लांब नाही.