तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत : धाराशिव जिल्ह्यातील काचेची तार

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठ तालुक्यांत सहाशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत, आणि त्यांना तालुक्याच्या ठिकाणाशी जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरने, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूने, जोडण्याचे काम ज्या योजनेकडे आहे ती भारतनेट होय. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी तिला मंजुरी दिली तेव्हा तिचे नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क असे होते आणि देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती तिच्या कक्षेत होत्या. २०१५ मध्ये भारतनेट हे नाव आले. तिचा खर्च दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून सरकारकडे जमा होणाऱ्या निधीतून होतो, कारण ज्या गावात ग्राहक थोडे आणि अंतर मोठे तिथे कोणतीही कंपनी केवळ नफ्याच्या हिशेबाने चर खोदणार नाही हे उघड होते. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र सरकारने महाआयटी या आपल्या कंपनीमार्फत महानेट या नावाने राज्यातील कामाचा एक मोठा भाग अंगावर घेतला. २०१८ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याची निवड नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोलीसह आकांक्षित जिल्ह्यांत झाली, यावरून या भागात अशा जोडणीची निकड किती होती याची कल्पना येते.

या तारेतून नेमके काय वाहते हे समजून घेतल्याशिवाय तिचे गुणदोष कळत नाहीत. सातबारा असो, ग्रामसभेचे छायाचित्र असो की दूरध्वनीवरचा आवाज, संगणकाच्या दृष्टीने या सगळ्यांचे अखेर शून्य आणि एक या दोनच चिन्हांच्या लांबलचक मालिकेत रूपांतर होते. त्यातील एका चिन्हाला बिट म्हणतात आणि बिटांची मालिका एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बिनचूक पोहोचवणे हे डेटा संप्रेषणाचे काम असते. जुन्या दूरध्वनी व्यवस्थेत दोन माणसे बोलत असेपर्यंत त्यांच्यामधली संपूर्ण वाट केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवली जाई, मग ती बोलोत अथवा गप्प राहोत. अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात, परस्परांपासून स्वतंत्रपणे, वेगळा मार्ग सुचवला : मजकुराचे छोटे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहावा, वाटेतल्या प्रत्येक केंद्राने तो पत्ता वाचून तुकडा पुढच्या केंद्राकडे द्यावा आणि शेवटच्या टोकाला सगळे तुकडे क्रमाने जोडून घ्यावेत. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. पत्ता वाचून पुढची वाट निवडणारे यंत्र म्हणजे राऊटर होय. रॉबर्ट कान आणि व्हिंटन सर्फ यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या संकल्पनेतून पुढे या देवाणघेवाणीचे नियम निश्चित झाले. १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेट या अमेरिकी जाळ्याने ते टीसीपी-आयपी या नावाने स्वीकारले आणि आजचे इंटरनेट त्याच नियमांवर चालते. त्यातील आयपी हा भाग पत्ता आणि वाट पाहतो, तर टीसीपी हरवलेले तुकडे पुन्हा मागवतो आणि क्रम लावतो.

जिल्ह्यांच्या मुख्यालयांपर्यंत संगणकीय जोडणी या योजनेच्या बरीच आधी पोहोचली होती. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात निकनेट हे उपग्रहावर आधारलेले जाळे उभारून देशभरातील जिल्हा प्रशासन जोडायला घेतले, आणि ज्या काळात साधा ट्रंक कॉल लावण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागे त्या काळात ही मोठीच झेप होती. तथापि भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे संदेश वर जाऊन खाली येईपर्यंत जवळजवळ पाव सेकंद जातो, आणि उत्तर परत यायला तेवढाच वेळ आणखी लागतो. काचेत प्रकाशाचा वेग पोकळीतल्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे सेकंदाला अंदाजे दोन लाख किलोमीटर असतो; धाराशिवहून मुंबईपर्यंतची फायबरची वाट वळणे धरून पाचशे किलोमीटर मानली तरी एका बाजूचा प्रवास अडीच मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या चारशेव्या भागात, पुरा होतो. ग्रामीण महाराष्ट्रात जोडणीचा गाजलेला प्रयोग १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत झाला. तिथे ऊस उत्पादकांसाठी संगणक केंद्रे उभारली गेली होती, पण पुढे त्याच कामासाठी काही गावांत मोबाइलवरील लघुसंदेशांचा पर्याय वापरून पाहण्यात आला, कारण गावोगावचे संगणक आणि त्यांची जोडणी चालू ठेवणे जड जात होते. जोडणी उभारणे आणि ती टिकवणे ही दोन निराळी कामे आहेत, ही गोष्ट तिथेच स्पष्ट झाली होती.

काच प्रकाश वाहून नेऊ शकते हे जुनेच ज्ञान होते; अडचण अशी होती की काही मीटरांतच प्रकाश विझून जाई. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धतेचा आहे, आणि १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने पुरेशी शुद्ध काच तयार करून ते सिद्ध केले; काओ यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या तंतूत मधला गाभा सुमारे ९ मायक्रॉन जाडीचा असतो, त्याच्याभोवतीच्या काचेच्या आवरणासह जाडी १२५ मायक्रॉन होते, आणि गाभ्याची काच आवरणापेक्षा किंचित घन असल्यामुळे आत शिरलेला प्रकाश कडेला आपटून पुन्हा आतच वळतो. हा तंतू मराठवाड्यातच तयार होतो ही गोष्ट मराठवाड्याबाहेर फारशी ठाऊक नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत स्टरलाईट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत. या उद्योगात सिलिकॉनच्या संयुगाच्या वाफेपासून अतिशुद्ध काचेचा जाड दंड घडवतात आणि उंच मनोऱ्यात सुमारे २,००० अंश सेल्सिअसला त्याचे टोक वितळवून त्यातून केसासारखा बारीक, किलोमीटरच्या किलोमीटर लांबीचा तंतू ओढतात.

धाराशिवच्या जमिनीत हा तंतू घालणे मात्र कारखान्यातल्या कामाइतके निर्मळ नसते. दूरसंचार खात्याच्या प्रमाणानुसार चर १६५ सेंटीमीटर खोल हवा, त्यात प्लॅस्टिकची नळी, म्हणजे डक्ट, टाकून तिच्यातून केबल फुंकली जाते. बालाघाटच्या माथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो, तिथे इतकी खोली गाठणे अवघड आणि खर्चिक ठरते. खाली तेरणा आणि सीनेच्या खोऱ्यात काळी माती आहे, ती खणायला सोपी, पण उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी असल्यामुळे नळी आणि चेंबर यांच्यावर सतत ताण आणते. केबल सलग मिळत नाही, म्हणून ठरावीक अंतरावर सांधे येतात. सांधा करणारा कारागीर दोन तंतूंची टोके साफ कापून स्प्लायसिंग यंत्रात समोरासमोर बसवतो आणि विजेच्या ठिणगीने ती एकजीव करतो. जुळणीत मायक्रॉनभर चूक झाली तरी प्रकाश गळतो. हे काम रस्त्याच्या कडेला, वाऱ्याधुळीत, ताडपत्रीच्या आडोशाला बसून केले जाते, आणि त्यात लागणाऱ्या कौशल्याची दखल योजनेच्या अहवालांतून फारशी घेतली जात नाही.

तालुक्याच्या एक्सचेंजमध्ये ओएलटी नावाचे यंत्र असते आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ओएनटी नावाची छोटी पेटी. या दोहोंमधल्या पद्धतीला जीपॉन म्हणतात. तिचे वैशिष्ट्य असे की वाटेत वीज लागणारे एकही यंत्र नसते. ओएलटीतून निघालेला एक तंतू स्प्लिटर नावाच्या काचेच्या विभाजकात अनेक शाखांत वाटला जातो, आणि प्रत्येक दुभागणीला प्रकाशाची तीव्रता निम्मी होते, म्हणून किती गावे एका तंतूवर आणि ती किती दूर यांचा ताळमेळ घालावा लागतो. तालुक्याकडून गावाकडे सेकंदाला सुमारे अडीच अब्ज बिट १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर येतात. ते सर्व शाखांना सारखेच पोहोचतात, परंतु कुलूपबंद स्वरूपात असल्यामुळे प्रत्येक पेटी फक्त आपला मजकूर उघडू शकते. उलट दिशेने १३१० नॅनोमीटरवर सव्वा अब्ज बिटांची वाट सगळ्या गावांत सामायिक असते. दोन गावे एकाच क्षणी बोलली तर त्यांचे प्रकाश एकमेकांत मिसळतील. म्हणून ओएलटी प्रत्येक पेटीचे अंतर मोजून घेते आणि कोणी कोणत्या क्षणी, किती मायक्रोसेकंद बोलायचे हे ठरवून देते.

जुलै अखेरीस, खरीप पीक विम्याची मुदत संपत आली की, सोयाबीनच्या या जिल्ह्यातील प्रत्येक सेवा केंद्रापुढे रांग लागते आणि ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द ऐकू येतात. त्या दोन शब्दांमागे अनेक वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. गावात वीज नाही आणि पेटीची बॅटरी उतरली आहे, केबल तुटली आहे, ओएलटी बंद आहे, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा उत्तर देत नाही, अथवा सगळी वाट ठीक असून दूरच्या शहरातील सर्व्हरवर एकाच वेळी लाखो अर्ज येऊन पडले आहेत, यांपैकी काहीही खरे असू शकते. नेटवर्कशास्त्रात कामाची विभागणी थरांत करतात ती याचसाठी. सर्वांत खाली तार आणि प्रकाश, त्यावर शेजारच्या यंत्राशी देवाणघेवाण, त्यावर पत्ता आणि वाट, त्यावर तुकड्यांची खातरजमा, आणि सर्वांत वर वापरणाऱ्याला दिसणारा अर्ज. प्रत्येक थर खालच्यावर विसंबून असतो, पण त्याच्या आतल्या रचनेत डोकावत नाही. त्यामुळे खालून वर तपासत गेले की बिघाडाचा थर सापडतो, आणि पेटीवरचे दिवे पाहून पहिल्या दोन थरांचा निवाडा केंद्रचालकही काही मिनिटांत करू शकतो. एवढे प्रशिक्षण प्रत्येक केंद्रात पोहोचले, तर भूम किंवा परंड्याच्या शेतकऱ्याला ‘उद्या या’ हे निष्कारण ऐकावे लागणार नाही.

भारतनेटच्या आराखड्यातील खरी उणीव मात्र थरांची नसून आकाराची आहे. बॅरन यांनी १९६४ च्या आपल्या अभ्यासात जाळ्याचे तीन आकार मांडले होते : एका केंद्राला सगळी टोके जोडलेला, अनेक छोट्या केंद्रांचा, आणि प्रत्येक गाठ शेजारच्या अनेक गाठींना जोडलेला. तिसऱ्या आकारात प्रत्येक गाठीला तीन-चार दुवे असले, तर बराच भाग नष्ट होऊनही उरलेला भाग बोलत राहतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. पॅकेटची सारी हुशारी एक वाट बंद झाली तर दुसरी शोधण्यात आहे. पण दुसरी वाटच नसेल तर राऊटर काय शोधणार? भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून गावापर्यंतची रचना झाडाच्या फांद्यांसारखी होती आणि खर्च वाचवण्यासाठी गावाजवळपर्यंत बीएसएनएलची आधीच पुरलेली, बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षे जुनी, केबल वापरून केवळ उरलेल्या अंतरात नवी टाकण्यात आली. त्यामुळे जुन्या केबलचा प्रत्येक दोष नव्या जोडणीच्या माथी आला. वाटेत एकामागून एक असे पाच घटक आहेत आणि प्रत्येक घटक शंभरातले ९९ दिवस नीट चालतो असे उदाहरणादाखल मानले, तर पाचही एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण सुमारे ९५ टक्के भरते, म्हणजे वर्षात जवळजवळ १८ दिवस गाव तुटलेले राहते. तशीच दुसरी, पहिलीपासून पूर्णपणे स्वतंत्र वाट दिली, तर तोच आकडा वर्षाला एका दिवसाच्याही खाली येतो. दोन सामान्य वाटा एका उत्कृष्ट वाटेपेक्षा अधिक भरवशाच्या ठरतात, आणि नेमका हाच खर्च सुरुवातीला टाळला गेला.

केबल तुटण्याची कारणे जिल्ह्यात सर्वांना दिसणारी आहेत : रस्ता रुंदीकरण, पाणीपुरवठ्याची नवी पाईपलाईन, नाल्याची कामे आणि या सगळ्यांत फिरणारी जेसीबी. तुटलेली जागा शोधायला ओटीडीआर हे यंत्र वापरतात. ते तंतूत प्रकाशाचा अतिशय छोटा झोत सोडते आणि तुटलेल्या टोकावरून परतणाऱ्या झोताचा वेळ मोजते. जाऊन येऊन किलोमीटरला सुमारे १० मायक्रोसेकंद लागतात, म्हणून ७० मायक्रोसेकंदांनी प्रतिध्वनी आला तर बिघाड सात किलोमीटरवर आहे. प्रत्यक्षात सांध्यांच्या चेंबरमध्ये केबलचे वेढे राखून ठेवलेले असल्यामुळे तंतूतले सात किलोमीटर रस्त्यावरच्या सात किलोमीटरांपेक्षा अलीकडेच संपतात, आणि कोणत्या चेंबरमध्ये किती वेढा आहे याची नोंद नसेल तर अर्धा दिवस चुकीच्या जागी खणण्यात जातो. यंत्र काही सेकंदांत उत्तर देते. माणसे, वाहन, खणण्याची परवानगी आणि बिले वेळेवर मिळणे यांनाच दिवस लागतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला, तेव्हा आकाराची आणि देखभालीची अशा दोन्ही उणिवा मान्य झाल्या. आता ग्रामपंचायती वलयाकार रचनेत जोडायच्या आहेत, म्हणजे तालुक्यातून निघालेली केबल गावागावांतून फिरून पुन्हा तालुक्याला मिळेल आणि एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने मजकूर जाईल. शिवाय दहा वर्षांची देखभाल उभारणीच्या कंत्राटातच समाविष्ट करण्यात आली आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्यात या रचनेची कसोटी नकाशावर लागणार नाही, ती नदीनाल्यांवर लागेल. तेरणा, बोरी किंवा सीना ओलांडायला पूल मोजकेच आहेत, आणि वलयाच्या दोन्ही बाजू सोयीसाठी एकाच पुलावरून किंवा एकाच चरातून नेल्या, तर जेसीबीचा एकच घाव दोन्ही तोडेल. त्यामुळे प्रत्येक तालुक्याचा आराखडा मंजूर करताना दोन्ही बाजूंचे पूल वेगळे आहेत का आणि चेंबरनिहाय केबलची लांबी नोंदवली आहे का, हे दोन प्रश्न जिल्हा परिषदेने आणि ग्रामपंचायतींनी चर बुजण्याआधी विचारायला हवेत. चर बुजल्यावर त्यांची उत्तरे मिळवायला पुन्हा खणावे लागते.